दाखवावे की राखावे

जे पुस्तक घरी नेता येत नाही, कपाटापाशी जाऊन स्वतः काढता येत नाही आणि हरवले तर पुन्हा विकत आणता येत नाही, असा सगळा ऐवज विद्यापीठ ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात असतो. हस्तलिखिते, छपाईच्या पहिल्या काळातील पुस्तके, नकाशे, लेखकांच्या टिपणवह्या, पत्रव्यवहार, क्वचित कुणाच्या केसांची बटसुद्धा. कित्येक शतके हा विभाग फक्त अभ्यासकांचा होता. ओळखपत्र दाखवायचे, शाईचे पेन बाहेर ठेवायचे, पेन्सिल घेऊन आत बसायचे आणि समोरच्या कर्मचाऱ्याची नजर चुकवायची नाही, असा तिथला रिवाज. गेल्या काही दशकांत त्याच विभागाच्या वार्षिक कामात प्रदर्शने, व्याख्याने, शाळांच्या सहली, छपाईच्या कार्यशाळा आणि खुले दिवस आले. विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेला माणूसही आता दारातून आत येतो.

हा बदल किती मोठा आहे ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात दिसते. १६०२ साली उघडलेल्या या ग्रंथालयाने १६४५ साली खुद्द राजा पहिला चार्ल्स याला पुस्तक बाहेर न्यायला नकार दिला होता. नव्या वाचकाला आजही एक प्रतिज्ञा घ्यावी लागते, आणि ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही हे तिच्यातले एक कलम आहे. १९३० च्या दशकात वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी ब्रॉड स्ट्रीटवर या ग्रंथालयाची नवी इमारत उभारली, ती मुख्यतः पुस्तके साठवण्यासाठी. १९४६ साली उद्घाटनाला आलेल्या सहाव्या जॉर्ज राजाने किल्ली फिरवली, तर ती कुलपातच मोडली. हीच इमारत सुमारे ८ कोटी पौंड खर्चून आतून नव्याने घडवली गेली आणि मार्च २०१५ मध्ये वेस्टन ग्रंथालय या नावाने लोकांना खुली झाली. रस्त्यावरून सरळ आत शिरता येईल असे प्रशस्त सभागृह, प्रदर्शनाची दालने आणि उपाहारगृह आता तळमजल्यावर आहेत. दुर्मीळ पुस्तकांचे वाचनकक्ष त्याच छपराखाली आहेत.

या बदलाविषयी ग्रंथालयांच्या आतच दोन तट आहेत. कार्यक्रम आखणाऱ्या ग्रंथपालाला संग्रह आजच्या लोकांपर्यंत न्यायचा असतो, आणि जतन-दुरुस्ती पाहणाऱ्या तज्ज्ञाला तो पुढच्या पिढ्यांच्या हाती सुखरूप द्यायचा असतो. दोघे एकाच संस्थेचे नोकर असतात आणि बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या फायलींवर शेरे मारत असतात. पुढील संवादातील ग्रंथपालबाई आणि निवृत्तीला आलेले जतनतज्ज्ञ ही प्रातिनिधिक पात्रे आहेत. त्यांच्या तोंडचे दाखले मात्र खऱ्या ग्रंथालयांचे आहेत.

ग्रंथपाल: सर, विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते. त्याने एखादे हस्तलिखित कुलपात ठेवून वर्षाकाठी चार संशोधकांना दाखवले, तर ते लोकांचे आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जतनतज्ज्ञ: चौघांनी जपून वाचले तर आणखी चारशे वर्षांनीही कुणाला तरी वाचता येईल. तुम्ही ते तीन महिने दिव्याखाली ठेवता, मॅडम. उडालेला रंग पान पुन्हा अंधारात ठेवल्याने परत येत नाही. प्रदर्शनानंतर वस्तूला विश्रांती दिली असे आपण अहवालात लिहितो, ते आपल्याच समाधानासाठी.

इथे जतनतज्ज्ञांची बाजू भक्कम आहे. प्रकाशाची हानी साठत जाते. मंद दिवा बराच काळ लावला काय किंवा प्रखर दिवा थोडा वेळ लावला काय, एकूण मात्रा सारखी तर परिणामही जवळजवळ सारखाच. म्हणून ही मात्रा लक्स-तासांत मोजतात. प्रदर्शनाच्या दालनात कागद, कातडे आणि रंग यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. वाचायच्या टेबलावर आपल्याला याच्या सहा ते दहापट उजेड लागतो. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे लवकर उडणारे रंग, रेशीम आणि वर्तमानपत्री कागद यांना वर्षाला १५,००० लक्स-तास पुरेत, तर हस्तलिखिते आणि जलरंग अशा मध्यम संवेदनशील वस्तूंना १,५०,०००. दालन रोज १० तास उघडे राहिले तर ५० लक्सने दिवसाला ५०० लक्स-तास खर्ची पडतात. म्हणजे नाजूक रंगाचा वर्षभराचा शिधा ३० दिवसांत संपतो. प्रदर्शनात शिरलेल्या माणसाला काळोख वाटतो, पाटी वाचायला तो काचेवर वाकतो आणि अभिप्रायाच्या वहीत दिव्यांबद्दल तक्रार लिहून जातो. ती तक्रार जगभर सारखीच असते.

जतनतज्ज्ञ: बँकेतल्या ठेवीला व्याज तरी लागते. इथे सगळे मुद्दलच आहे आणि तुमचे प्रत्येक प्रदर्शन त्या मुद्दलातून खाते.

ग्रंथपाल: मग मुद्दल कशासाठी राखायचे, सर? तुमच्याच आकड्यांनी मध्यम संवेदनशील हस्तलिखित वर्षातले ३०० दिवस दाखवता येते. आणि इमारत डोक्याने बांधली तर निम्मी भांडणे मिटतात. येल विद्यापीठाचे बायनेकी ग्रंथालय घ्या. १९६३ साली बांधले तेव्हा भिंतींना खिडक्या ठेवल्याच नाहीत. संगमरवराच्या पातळ फरश्या बसवल्या. ऊन त्यांतून गाळून, तपकिरी होऊन आत येते. मधोमध सहा मजली काचेचा मनोरा आहे, त्यात पुस्तके. येणाऱ्या कुणालाही ती दिसतात आणि कुणाचाही हात लागत नाही.

जतनतज्ज्ञ: पुस्तकांचे कणे दिसतात. आतले पान दिसते का?

या प्रश्नाने वाद उजेडावरून पुस्तकाच्या घडणीकडे वळतो. चित्र भिंतीवर टांगले की सगळे दिसते. पुस्तकाचे तसे नाही. काचपेटीत ते उघडे ठेवले की समोर येते एकच जोडपान. बाकीची शेकडो पाने बंदच राहतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील ‘बुक ऑफ केल्स’ हा याचा नावाजलेला दाखला आहे. इ.स. ८०० च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेली आणि रंगवलेली ही लॅटिन शुभवर्तमाने १६६१ पासून कॉलेजच्या ताब्यात आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लोकांना दाखवली जात आहेत. एकूण ३४० पाने. १९५३ साली त्यांची चार खंडांत फेरबांधणी झाली. उघडलेले पान सुमारे दर १२ आठवड्यांनी बदलतात. एका वेळी एकच जोडपान उघडे ठेवले आणि एकही पान गाळले नाही, असे धरले तरी काचेबाहेर उभे राहून पूर्ण ग्रंथ पाहायला ७५ वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात काही पाने रंगांच्या अवस्थेमुळे दाखवतच नाहीत.

जतनतज्ज्ञ: महासाथीपूर्वी दरसाल दहा लाखांच्या आसपास माणसे तिथे येत होती. रांगेत उभे राहायचे, काचेपाशी पोचायचे, मिनिटभर पाहायचे आणि पुढे दुकानात जायचे. त्यांनी पुस्तक पाहिले असे म्हणायचे का?

ग्रंथपाल: पंढरीच्या वारीत लाखो लोक विठ्ठलाच्या पायांशी पोचतात आणि क्षणात पुढे ढकलले जातात. त्यांचे दर्शन झाले नाही असे तुम्ही म्हणाल का, सर? शिवाय त्या तिकिटाचा पैसा ग्रंथालयाच्या कामी येतो. तुमच्या विभागाची उपकरणे, आर्द्रतामापक, कपाटे हे कुणी फुकट देत नाही.

जतनतज्ज्ञ: पैसा येतो, हे खरे. माणसांबरोबर धूळही येते, ओलही येते.

दोघेही खरे बोलत आहेत, आणि ट्रिनिटीच्या जुन्या ग्रंथालयातच दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. ‘लाँग रूम’ हे १७१२ ते १७३२ या काळात बांधलेले सुमारे ६५ मीटर लांबीचे दालन म्हणजे पर्यटकांच्या मार्गावरचा एक टप्पा. दोन्ही अंगांना मजले करून रचलेली सुमारे दोन लाख जुनी पुस्तके उघड्या फळ्यांवर उभी होती. शहराचा धूर, पाहुण्यांच्या कपड्यांची धूळ आणि आगीचा धोका यांमुळे त्यांचे भवितव्य चिंतेचे झाले. २०१९ साली पॅरिसचे नोत्र-दाम पेटले, त्यानंतर ही चिंता नुसती कागदावर राहिली नाही. जुन्या ग्रंथालयाच्या दुरुस्तीची मोठी योजना हाती घेतली गेली, आयर्लंड सरकारने तिला २ कोटी ५० लाख युरो दिले आणि पुस्तके एकेक करून उतरवण्यात आली. प्रत्येक पुस्तकाची धूळ बारीक निर्वात यंत्राने काढायची, मोजमाप घ्यायचे, ओळखपट्टी लावायची आणि नियंत्रित हवेच्या गोदामात पाठवायचे, असा क्रम होता. दरम्यान रिकाम्या होत चाललेल्या फळ्या पाहायलाही लोक तिकीट काढून येतच राहिले. दालनाच्या मध्ये त्यांच्यासाठी पृथ्वीचा मोठा प्रकाशमान गोल टांगला गेला. पुस्तके नसलेले ग्रंथालयही गर्दी खेचते, याचा आनंद ग्रंथपालबाईंना व्हावा की चिंता जतनतज्ज्ञांना, हे सांगणे अवघड आहे.

प्रवेश मोफत ठेवला तर कार्यक्रम दुबळा होतो, असा समज मात्र चुकीचा आहे. वेस्टनमध्ये २०१८ साली लेखक टॉल्किनच्या कागदपत्रांचे प्रदर्शन भरले. त्याने स्वतः काढलेले नकाशे, ‘द हॉबिट’ची जलरंगातील चित्रे, पत्रे हा ऐवज मुख्यतः बॉडलियनच्या संग्रहातला. प्रवेशाला शुल्क नव्हते, पण गर्दी आवरायला वेळेची तिकिटे होती. पुढे या प्रदर्शनातला बराच भाग न्यूयॉर्क आणि पॅरिस इथेही गेला.

जतनतज्ज्ञ: प्रवास हा आणखी एक खर्च. २००० साली बुक ऑफ केल्सचा एक खंड ऑस्ट्रेलियात कॅनबेराला प्रदर्शनासाठी नेला. पोचल्यावर रंगांना किंचित इजा झालेली आढळली, आणि विमानाच्या इंजिनांची लांब प्रवासातली थरथर हे संभाव्य कारण मानले गेले. बाराशे वर्षे त्या रंगांनी व्हायकिंगांचे हल्ले सोसले, चोरीही सोसली. विमान नाही सोसले.

ग्रंथपाल: किंचित इजा, असे तुम्हीच म्हणालात.

जतनतज्ज्ञ: तिथे किंचित म्हणजे कायमची, मॅडम.

एवढा वेळ बोलणे वस्तूंच्या तब्येतीविषयी चालले होते. त्यांच्याभोवती उभ्या राहणाऱ्या कथेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तिथे वादी-प्रतिवादी जागा बदलतात. प्रदर्शन म्हणजे निवड. कोणती वस्तू, तिचे कोणते पान, पाटीवर कोणते साठ-सत्तर शब्द, आणि वृत्तपत्राला द्यायच्या निवेदनात कोणता दावा, हे सगळे कुणीतरी ठरवतो. बॉडलियनमधील बख्शाली हस्तलिखिताचे उदाहरण भारतीय वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावी शेतात सापडलेली ही भूर्जपत्रे शारदा लिपीतली आहेत. त्यांत गणिताची सूत्रे आणि उदाहरणे असून रिकाम्या स्थानासाठी टिंब वापरलेले दिसते. १९०२ साली ती बॉडलियनला मिळाली. उरलेली ७० पाने इतकी ठिसूळ आहेत की ती हाताळायची परवानगी अभ्यासकांनाही सहसा मिळत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात ग्रंथालयाने कार्बन-कालमापनाचा निष्कर्ष जाहीर केला. तीन नमुन्यांचे तीन वेगळे काळ आले: सर्वांत जुना इ.स. २२४ ते ३८३, दुसरा ६८० ते ७७९ आणि तिसरा ८८५ ते ९९३. पुढच्याच महिन्यात त्यातले एक पान लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील भारतीय विज्ञानाच्या प्रदर्शनात लागले. शून्याचा इतिहास पाचशे वर्षे मागे गेला, अशी बातमी जगभर पसरली.

जतनतज्ज्ञ: गणिताच्या इतिहासकारांनी लगेच हरकत घेतली. सगळी पाने एकाच ग्रंथाची आणि एकसलग लिहिलेली दिसतात. मग लिखाणाचा काळ सर्वांत नव्या पानावरून धरायला हवा, सर्वांत जुन्या पानावरून कसा? शिवाय शास्त्रीय निबंध तपासून छापून येण्याआधीच प्रसिद्धी झाली. हे घाईने का झाले, तर प्रदर्शनाची तारीख ठरलेली होती.

ग्रंथपाल: घाई झाली असेल. पण प्रदर्शन नसते तर ते नमुने तपासायला पैसा आणि परवानगी मिळाली असती का? आणि हरकत घेणारे विद्वानही त्या बातमीमुळेच एकत्र आले. हा वाद सेमिनारच्या खोलीत वीस जणांपुढे झाला असता, तो लाखोंनी वाचला. चुकीचा दावा जाहीर झाला तर तो जाहीरपणे खोडताही येतो.

जतनतज्ज्ञ: खोडलेले कोण वाचतो?

या प्रश्नाला ग्रंथपालबाईंपाशी उत्तर नाही, आणि ते मान्य करण्याइतक्या त्या प्रामाणिक आहेत. प्रसिद्धीची भाषा कुठवर घसरते याचा आणखी वाईट दाखला हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात घडला. आर्सेन हुसे या फ्रेंच लेखकाच्या एका पुस्तकाची बांधणी मानवी कातडीची असल्याचे २०१४ साली चाचण्यांनी सिद्ध झाले, तेव्हा ग्रंथालयाने ती गोष्ट चटकदार गंमत म्हणून लोकांपुढे ठेवली. ती कातडी एका फ्रेंच डॉक्टरने रुग्णालयातल्या मृत स्त्रीच्या देहावरून, तिच्या संमतीवाचून काढलेली होती. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ग्रंथालयाने बांधणी काढून टाकल्याचे जाहीर केले आणि आपल्या आधीच्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला. काय दाखवू नये हाही प्रदर्शनाचाच निर्णय असतो. दिव्याची आणि आर्द्रतेची कोष्टके त्यासाठी उपयोगी पडत नाहीत.

ग्रंथपाल: आता माझी पाळी, सर. न दाखवण्याने काय होते तेही बघू. केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालयात डार्विनच्या दोन लहान टिपणवह्या होत्या. त्यांतल्या एकीत १८३७ साली त्याने जीवसृष्टीच्या वंशवृक्षाचे पहिले रेखाटन काढले होते. २००० साली छायाचित्रे घ्यायला त्या तिजोरीतून बाहेर काढल्या, आणि जानेवारी २००१ मध्ये जागेवर नसल्याचे लक्षात आले. इतक्या मोठ्या संग्रहात चुकीच्या फळीवर गेल्या असतील, असे मानून शोध चालू राहिला. किती वर्षे? जवळजवळ वीस. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रंथालयाने शेवटी कबूल केले की त्या चोरीला गेल्या असाव्यात, आणि लोकांना जाहीर आवाहन केले. मार्च २०२२ मध्ये ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर, जिथे कॅमेरा नव्हता अशा ठिकाणी, भेटवस्तूची एक गुलाबी पिशवी सापडली. आत दोन्ही वह्या आणि ईस्टरच्या शुभेच्छांचा छोटासा संदेश.

जतनतज्ज्ञ: पुढे त्या प्रदर्शनात मांडल्या, हेही माहीत आहे मला.

ग्रंथपाल: त्याच वर्षी जुलैत. म्हणजे वीस वर्षे चूपचाप शोधून जे झाले नाही, ते लोकांना सांगितल्यावर सोळा महिन्यांत झाले. कुणाच्या नजरेतच नसलेली वस्तू हरवली तर चुकल्यासारखे तरी कुणाला वाटणार?

जतनतज्ज्ञ: वह्या काचपेटीत असत्या तर छायाचित्रांसाठी बाहेर निघाल्याच नसत्या, असे तुम्हाला म्हणायचे आहे का? पेटीतल्या वस्तूही चोरीला जातात, मॅडम.

ग्रंथपाल: जातात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

यात ग्रंथपालबाईंचा मुद्दा नुसत्या चोख उत्तरापेक्षा मोठा आहे. संग्रहाला ओळखणारे लोक जितके अधिक, तितके त्याच्या पाठीशी उभे राहणारे अधिक, हे बॉडलियनने स्वतः अनुभवले आहे. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला फोलिओ ग्रंथालयाला छापून येताच मिळाला होता. १६६० च्या दशकात नवी आवृत्ती आली आणि जुनी प्रत नकोशी ठरून बाहेर गेली. १९०५ साली ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी घरातली जुनी प्रत घेऊन बांधणीविषयी विचारायला आला. बांधणी पाहून कर्मचाऱ्यांना कळले की ही तर आपलीच. अमेरिकन संग्राहक हेन्री फोल्जर ३,००० पौंड द्यायला तयार होता. ग्रंथालयाने तेवढीच रक्कम लोकवर्गणीने उभी केली आणि १९०६ साली प्रत सोडवून आणली. शंभराहून अधिक वर्षांनी तिचे डिजिटल चित्रण करायचे ठरले, तेव्हा पुन्हा लोकांकडूनच पैसे जमवले. या प्रतीची एक गंमत आहे. सतराव्या शतकात ती साखळीला बांधलेली होती आणि ग्रंथालयात येणाऱ्यांनी ती मनसोक्त वाचली. सर्वांत अधिक झिजलेली पाने ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची आहेत. तेव्हाच्या तरुणांची कोपरे आणि बोटे कुठे टेकली ते कागदावर स्पष्ट दिसते, आणि आज अभ्यासक याच झिजेला पुरावा मानून तिच्यावर लिहितात. जतनतज्ज्ञांच्या पोथीत झीज ही हानीच. इथे तिचीच नोंद इतिहास म्हणून होते.

विशेष संग्रहाच्या कार्यक्रमांत काचपेटीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व टेबलाला आहे. पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा वर्ग येतो. टेबलावर पाच-सहा पुस्तके उतरत्या आधारांवर, पोथीच्या ठवणीवर ठेवावीत तशी, उघडून ठेवलेली असतात. पान उलटू नये म्हणून कापडात शिवलेली शिशाची लवचीक वजने कडेला आडवी पडलेली असतात. एक जण पान उलटतो, इतर वाकून पाहतात. चर्मपत्राची केसांकडची बाजू किंचित खरखरीत आणि पिवळसर, मांसाकडची गुळगुळीत आणि पांढरी, हे बोटाला कळते. काचेतून कधी कळत नाही.

जतनतज्ज्ञ: याला माझी हरकत नाही. फक्त कृपा करून फोटोसाठी त्या मुलांना पांढरे हातमोजे घालायला लावू नका. सुती मोज्याने बोटाची जाण जाते, धागे अडकतात आणि पान फाटते. हात साबणाने धुऊन नीट कोरडे केले की पुरे. छायाचित्रे आणि धातूच्या वस्तू असतील तर मोजे, एरवी नाही.

ग्रंथपाल: मोजे नसले की बातमीखाली लोक आम्हालाच शिव्या घालतात, सर.

जतनतज्ज्ञ: घालू द्या. तेवढेच शिक्षण.

टेबलावरचा हा प्रकार थोड्यांसाठीच शक्य आहे. कार्यशाळांची पोच त्याहून जास्त. बॉडलियनच्या हातछपाईच्या कार्यशाळेत सामान्य माणूस खिळे जुळवतो, शाई लावतो, दाब देऊन स्वतःचा कागद छापून घेतो. यात एकही दुर्मीळ पान खर्ची पडत नाही, आणि अक्षर उलटे जुळवताना ज्याची एकदा दमछाक झाली तो पुढे जुने छापील पुस्तक वेगळ्या डोळ्याने पाहतो. व्याख्यानांचे तसे नाही. ती कुठल्याही सभागृहात होऊ शकतात आणि संग्रहाशी त्यांचा संबंध बहुतेक वेळा निमंत्रणपत्रिकेपुरता असतो.

राहिले डिजिटल रूप. बुक ऑफ केल्सचे प्रत्येक पान आता संगणकाच्या पडद्यावर फुकट पाहता येते. एडिंबरा विद्यापीठाकडे १७९५ सालची महाभारताची एक गुंडाळी आहे. सुमारे ७२ मीटर लांब, पण अगदी अरुंद, रेशमी अस्तराच्या कागदावर अतिसूक्ष्म अक्षरांत लिहिलेली आणि ७८ चित्रांनी सजवलेली. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट राहिलेल्या अलेक्झांडर वॉकरकडून ती १८२१ साली विद्यापीठाला मिळाली. लाकडी पेटीतल्या रुळांवर ती किल्लीने फिरवायची सोय होती, आणि त्या फिरवण्यानेच ती जागोजाग चुरगळली आणि फाटली. अशी वस्तू प्रदर्शनात मांडली तरी एका वेळी हातभरच दिसणार. अलीकडे दुरुस्ती आणि चित्रण झाल्यावर ती अख्खी पाहणे प्रथमच शक्य झाले.

जतनतज्ज्ञ: म्हणजे झाले तर. चित्रण करा, लोकांना पडद्यावर दाखवा, मूळ वस्तू अंधारात ठेवा.

ग्रंथपाल: अनुभव नेमका उलटा आहे. पडद्यावर पाहिलेले लोक मूळ पाहायला येतात, रांगा वाढतात. आणि पडद्यावर वस्तूचे माप कळत नाही, सर. डार्विनची वही तळहाताएवढी आहे आणि ती गुंडाळी इतकी अरुंद आहे, हे समोर उभे राहिल्याशिवाय पटत नाही.

जतनतज्ज्ञ: मग यादी करू. ज्याचे चित्रण झाले नाही ते प्रदर्शनात जाणार नाही. जे जाईल त्याची अवस्था आधी नोंदवायची, किती लक्स-तास खर्चले ते वहीत लिहायचे आणि पुढची पाच वर्षे तेच पान मागायचे नाही. पाटीवरचा दावा त्या विषयाच्या जाणकाराने वाचल्याशिवाय छापायचा नाही.

ग्रंथपाल: पाचही मान्य. माझी एकच अट. प्रत्येक पाटीच्या शेवटी वस्तूचा संग्रहक्रमांक छापायचा आणि ती वाचनकक्षात कशी मागवायची ते लिहायचे. प्रदर्शन पाहणाऱ्याला कळू दे की अर्ज करून तोही इथे बसू शकतो.

जतनतज्ज्ञ: शंभरातले दोघे अर्ज करतील.

ग्रंथपाल: दोघे पुरेत.

शेवटच्या मुद्द्यावर मात्र एकमत होत नाही. वस्तू काचपेटीत असेपर्यंत वाचनकक्षात मिळत नाही, आणि हा प्रश्न प्रत्येक मोठ्या प्रदर्शनात उभा राहतो. सूचीमध्ये तशी आगाऊ नोंद करतात, डिजिटल प्रत देऊ करतात. तरीही त्याच हस्तलिखिताच्या शाईचा थर किंवा शिलाईचे टाके तपासायला परदेशातून एखादा संशोधक सुट्टी काढून येतो आणि पोचल्यावर त्याला प्रदर्शनाचे दालन दाखवले जाते. दालन बंद असलेल्या दिवशी दोन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली पेटी उघडून पुस्तक तासभर त्याला द्यावे, असे ग्रंथपालबाईंचे म्हणणे आहे; संग्रह शेवटी वाचकासाठीच आहे. पेटीतली हवा एकदा स्थिर झाली की उघडझाकीने आर्द्रता हेलकावे खाते आणि चर्मपत्र आकसते-फुगते, म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत पेटीला हात लावू नये, असे जतनतज्ज्ञ म्हणतात. एरवी वस्तू बाहेर काढण्याच्या विरोधात असलेला माणूस इथे ती प्रदर्शनातच राहू द्या म्हणतो, आणि लोकांना दाखवण्यासाठी भांडणारी बाई ती एका वाचकासाठी काढून द्यायला निघते. अशा अर्जांचा निकाल बहुतेक ग्रंथालयांत एकेकटा, त्या त्या वेळी, विभागप्रमुखांच्या सहीने लागतो.